तेरा आकड्यांचं पांडित्य

मलपृष्ठावर तेरा आकडे छापले की पुस्तक संशोधनग्रंथ ठरतं, असा समज आपल्या महाविद्यालयांत पक्का रुजलाय. हे तेरा आकडे म्हणजे आयएसबीएन, गाडीच्या नंबरप्लेटसारखा. गाडी चालते की नाही, हे त्यावरून कळत नाही.

शिवाय तो भारतात फुकट मिळतो.

मग मोल कशाचं? गुणांचं. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला 10 गुण, संपादित ग्रंथातल्या प्रकरणाला 5. बढतीची फाइल जाड व्हायला हवी, म्हणून चर्चासत्रातले निबंध गोळा होतात, लेखकांकडूनच पैसे घेतले जातात आणि बघता बघता ग्रंथ बाजारात येतो. बाजारात? छे, कपाटात.

असा एखादा ग्रंथ घ्या आणि मागून उघडा. सूची नाही. संदर्भांना पृष्ठांक नाहीत. एकच आडनाव तीन प्रकरणांत तीन तऱ्हांनी. संपादकाने काय केलं? मनोगत लिहिलं, आभार मानले.

पुण्यात भांडारकर संस्थेने 1919 मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. तिचे प्रमुख संपादक सुखटणकर यांचं आदिपर्व 1933 मध्ये पुरं झालं, 1943 मध्ये ते गेले, आणि काम संपलं 1966 मध्ये. पान उघडलं की वर स्वीकारलेला पाठ, आणि खाली बारीक टाइपात कोणत्या पोथीत काय वेगळं आहे त्याची नोंद. संपादक चुकला असेल तर त्याला तिथल्या तिथे पकडा, अशी सोय संपादकानेच करून ठेवलेली! विद्वत्ता म्हणतात ती ही. हिला किती गुण द्यायचे?

लिहिण्याचं हे असं; वाचायचं म्हटलं तर आता सगळं ऑनलाइन मिळतं, असं सांगणारे भेटतात. कोणाला मिळतं? ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’साठी केंद्राने तीन वर्षांकरिता 6000 कोटी मंजूर केले. 30 प्रकाशकांची सुमारे 13 हजार आंतरराष्ट्रीय नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली झाली. उत्तमच झालं. पण तालुक्याच्या गावी मराठीतून समाजशास्त्र शिकणाऱ्या मुलीने त्यात काय शोधायचं?

मराठीत वाचक कुठे आहेत, ही सबब तर ऐकवतच नाही. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर फुकट ठेवला. स्पर्धा परीक्षेवाले वाचतात, शिक्षक वाचतात, पत्रकार वाचतात. दार उघडं ठेवलं, माणसं आली.

तेव्हा दोनच गोष्टी करा. बढतीच्या समितीने गुणांची बेरीज बाजूला ठेवून त्या पुस्तकातलं एक प्रकरण वाचावं आणि त्यावर प्रश्न विचारावेत. अर्धा तास पुरे. पोकळ ग्रंथ पाच मिनिटांत उघडा पडेल.

आणि सरकारी पैशातून छापलेला, आता कुठेच मिळत नसलेला प्रत्येक मराठी संशोधनग्रंथ खुला करावा. छापखान्याचं बिल लोकांनी कधीच भरलंय. जिथे हक्कही विद्यापीठाकडे आणि प्रतही विद्यापीठाकडे, तिथे अडलंय कुठे?