सायकल घेण्यापूर्वी लोहचुंबक घ्या

सायकल दुकानात पसंत केली जाते, हा एक गोड गैरसमज आहे. निदान भाईंदरजवळच्या डोंगरीत तरी ती घरात, रात्रीच्या जेवणानंतर, ज्यांना ती कधीच चालवायची नाही अशा मंडळींच्या समितीत पसंत होते. आजोबा सांगतात, "ॲटलासच आणा, जन्माची सोय होते." त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला, आणि तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन होता, हे आजोबांना सांगायची कुणाची छाती होत नाही. मामांना गिअर हवेत. आईला पुढे टोपली हवी. आत्याला पाठीमागे बसायला जागा हवी, कुठे जायचंय ते ती सांगत नाही. ज्याच्यासाठी सायकल यायची तो मुलगा फक्त रंग सांगतो, आणि रंग हाच एक मुद्दा समितीला फालतू वाटतो. सुज्ञ खरेदीदाराने या कामकाजात अडथळा आणू नये. ठराव होऊ द्यावा. तो पाळायचा नाही एवढंच लक्षात ठेवावं.

इतर गावांत सायकल घेताना उंचीपासून सुरुवात करत असतील. डोंगरीत वाऱ्यापासून करावी लागते. एका अंगाला उत्तनचा समुद्र, दुसऱ्या अंगाला राई-मोर्व्याकडची मिठागरं आणि खाडी. मधल्या हवेत जे काही लोखंडाचं असेल त्याच्या नशिबी एकच गोष्ट. उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंवर टांगलेल्या बोंबलांना हा वारा मानवतो. सायकलच्या चेनला मानवत नाही. एक पावसाळा निष्काळजीपणे गेला की चेन तांबूस होते, दुसऱ्यात नट पान्याला दाद देईनासे होतात, आणि तिसऱ्यात सायकल घराच्या पाठीमागे माडाला टेकवली जाते, ती दुधी भोपळ्याचा वेल चढवायला.

म्हणून दुकानात जाताना खिशात पैशांच्या आधी लोहचुंबक टाकावा. वेगळा विकत घ्यायची गरज नाही. फ्रीजच्या दारावर वेलंकनी मातेचा किंवा गोव्याच्या सहलीचा एखादा असतोच. तो काढावा, त्याखालची लाइटबिलाची पावती दुसरीकडे लावावी आणि निघावं. मग दुकानात पुढील संवाद घडतो.

"काका, ही अलॉयची आहे ना?"

"पूर्ण अलॉय, ताई. गंजणारच नाही."

इथे ताईंनी काहीही न बोलता माता रिमला लावायची. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. माता रिमवर चपखल बसली, तर रिम लोखंडाची आहे. मग हँडल, सीटखालची दांडी, पायडलचा दांडा, सगळीकडे हाच प्रयोग. आऱ्यांवर चुंबक जेमतेम ओढ घेत असेल तर त्या स्टेनलेसच्या असण्याची आशा धरावी. टपकन चिकटला तर नुसता मुलामा आहे. काका या वेळी पंख्याकडे बघत असतात. त्यांच्यावर फार राग धरू नये. चेन आणि बेअरिंग लोखंडाचीच असतात, जगात सगळीकडे, आणि लोखंडाची फ्रेमही वाईट नसते. वर्षानुवर्षं टिकते, तडकली तर वेल्डिंगवाला जोडून देतो. फक्त सीटची दांडी आत घालण्याआधी तिला ग्रीस लावून घ्यावं. लोखंडी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची दांडी कोरडी बसवली आणि खारी हवा तिच्यापर्यंत पोचली, की दोघांचं असं सख्य जमतं की मुलगा दहावीला गेला तरी सीट सहावीच्या उंचीवर राहते.

उंचीचं निघालंच आहे. "जरा मोठीच घ्या, वाढतं अंग आहे" हे वाक्य शाळेच्या गणवेशाला शोभतं. शर्टाच्या बाह्या दुमडता येतात, सायकलची दांडी दुमडता येत नाही. मुलाने दांडीच्या दोन बाजूंना पाय टाकून जमिनीवर सपाट उभं राहावं. दांडी आणि मूल यांच्यात दोन-एक इंच मोकळे राहिले पाहिजेत. राहत नसतील तर पहिल्या गचक्यात मूल जे ओरडेल त्याची जबाबदारी समितीने घ्यावी. चाकाचे इंच आणि फ्रेमचे इंच हे दोन निराळे हिशेब आहेत, हेही काकांना एकदा विचारून घ्यावं. कधीकधी त्यांनाही आठवण करून द्यावी लागते. बावीस इंची काळ्या सायकलवर आडव्या दांडीखालून पाय घालून कैची मारत शिकलेली पिढी या सगळ्याला हसते. ती पिढी कितीदा तोंडावर आपटली हे मात्र ती सांगत नाही.

आता गिअर. एकवीस गिअर म्हणजे पुढे तीन चकत्या, मागे सात, तीन साते एकवीस. पण त्यातले बरेच एकमेकांची नक्कल असतात, आणि पुढची सगळ्यात मोठी चकती मागच्या सगळ्यात मोठीशी जोडली तर चेन तिरकी ताणून कुरकुरते. ही एकवीसची चैन कुठे वापरणार, याचा हिशेब आधी मांडावा. भाईंदर स्टेशनपासून मुर्धा, राई, मोर्वा करत डोंगरीत येणारा रस्ता बहुतेक पाटासारखा सपाट; तिथे एकच गिअर लागतो आणि तोही बसवाल्याच्या हॉर्नने लागतो. चढ आहे तो डोंगराच्या अंगाने, आणि पुढे चौकला, जिथला धारावीचा किल्ला मराठ्यांनी वसईच्या मोहिमेत (१७३७–३९) पोर्तुगिजांकडून घेतला. तो चढ दमवतो खरा, पण मागचे सात गिअर पुरतात. (डोंगरीच्या डोंगरावर मेट्रो ९ चं कारशेड जाहीर झाल्यावर झाडांवरून वाद पेटला, त्यामुळे चढ किती उरेल हे गृहीत धरून सायकल घेऊ नये.)

सगळ्यात फसवी वेळ रविवारची पहाट. उत्तन-गोराई रस्त्यावर मुंबईकडची मंडळी अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यांत, कोंबड्याच्या तुऱ्यासारख्या हेल्मेटांत, बारीक टायरच्या सायकलींवरून सुळसुळत जातात. पाव आणायला निघालेला डोंगरीकर ते बघतो आणि घरी येऊन म्हणतो, "आपणपण तसलीच घेऊ." ही सर्वसामान्य चुकांतली सर्वांत महाग चूक आहे. तसल्या सायकलींना मडगार्ड नसतो, स्टँड नसतो, कॅरियर नसतो. बुधवारी तांदळाची दहा किलोची पिशवी कुठे ठेवणार? बहुतेकींच्या ट्यूबला बारीक, लांब, डोक्यावर पेच असलेला वॉल्व्ह असतो; वाटेवरच्या पंक्चरवाल्याच्या पंपाची तोटी त्यावर बसत नाही. तो चिमटीत वॉल्व्ह धरून बराच वेळ पाहतो, मग तुमच्याकडे पाहतो, आणि शेवटी "शेठ, स्टेशनला न्या" म्हणतो. स्टेशनपर्यंत सायकल हातात धरून चालावं लागतं. वॉल्व्हवर चढवायची पितळेची छोटी टोपी किरकोळ पैशात मिळते. तसलीच सायकल घ्यायची असेल तर निदान तीन टोप्या घ्या, दोन हरवायला.

दुसऱ्या टोकाचे लोक चार इंच जाड टायरची सायकल घेतात, कारण जवळ समुद्र आहे. रविवारी वाळूत ती खरंच चालते. पण उरलेले सहा दिवस डांबरावर ते वजन ढकलावं लागतं. स्वस्तातल्या पुढच्या शॉकॲबसॉर्बरचंही तेच: गतिरोधकावर कमी आणि चढावर जास्त खाली-वर होतो, म्हणजे पायाचा जोर स्प्रिंगलाच पाजायचा. विजेच्या सायकलीवर मी फार बोलत नाही. पायडल असलेली, २५० वॉटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली असेल तर आरटीओचं तोंड बघावं लागत नाही, आणि बॅटरी खाऱ्या हवेत उघड्यावर ठेवायची नसते, एवढं पुरे.

ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी वेगळं प्रकरण लिहिता येईल. खोकं येतं, त्यात "पंचाऐंशी टक्के जोडलेली" सायकल असते आणि उरलेले पंधरा टक्के बाबा जोडतात. बाबा इंजिनियर असल्यास धोका वाढतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते डावीकडे फिरवून आवळायचं. दोन्ही पायडलांवर इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात ती वाचायची नाहीत असा बाबांचा नियम असतो, म्हणून उजवं पायडल डाव्या दांड्यात जोर लावून बसवलं जातं आणि आटे जातात. पुढचा काटा उलटा बसवून, ब्रेक मागच्या अंगाला ठेवून, मोठ्या ऐटीत फिरणारे गृहस्थ कोणत्याही सोसायटीच्या आवारात सापडतील. त्यांना कोणी सांगत नाही, कारण ते सोसायटीचे सचिव असतात. त्यापेक्षा खोकं न उघडता मेकॅनिककडे न्यावं, त्याला जोडणावळ द्यावी, आणि चाकांतला आउट काढताना त्याच्याकडे नुसतं बघत बसावं.

जुनी घेणार असाल तर सायकल उलटी करा. पायडलच्या दांड्याखाली फ्रेमवर नंबर ठोकलेला असतो. तो नंबर आणि बिल जुळत नसेल, किंवा तो घासून काढला असेल, तर कितीही स्वस्त असली तरी नमस्कार करून निघा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा; हँडलच्या मुळाशी खट्खट वाजलं तर बेअरिंग गेलं. जोडांच्या जवळ रंगाला केसाएवढी रेघ दिसली तर ती रंगाची रेघ आहे असं विकणारा सांगेल.

भाव करताना डोंगरीकर दोनशे रुपये कमी करा म्हणून हट्ट धरतो, इथेच तो हरतो. दोनशे कमी होतात, आणि मग कळतं की मडगार्ड वेगळा, स्टँड वेगळा, घंटी वेगळी, कुलूप तर आणखीच वेगळं. पैसे सोडा, सामान मागा. पक्कं बिल घ्या. सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, काकांचं छापील दरपत्रक त्याआधीचं असू शकतं. पहिल्या काही आठवड्यांत ब्रेकच्या तारा ताणतात, तेव्हाची फुकट सर्व्हिस बिलावर लिहून घ्या.

घरी आल्यावर हळदीकुंकू होईल, किंवा फादरांना बोलावून पाणी शिंपडलं जाईल. होऊ द्यावं. मात्र पवित्र असलं तरी ते पाणीच. नंतर चेन कोरड्या फडक्याने पुसून मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्यावा. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं. गाडीचं काळं जुनं तेलही नको, त्यावर उत्तनची सगळी वाळू गोळा होते. आठवड्याला गोड्या पाण्याने धुऊन पुसली तर बरी राहील.

आणि फ्रेमवर, सीटवर गुंडाळलेलं ते प्लास्टिक त्याच दिवशी फाडून टाका. खारा दमटपणा त्याच्याखाली शिरतो आणि बाहेर पडत नाही. वरून सायकल नवीकोरी दिसत असते आणि आत गंजाला निवांत घर मिळतं. याला समिती विरोध करील. "राहू दे की वर्षभर, नवी दिसते," असं आजी म्हणतील. आजींच्या खोलीतल्या टीव्हीच्या रिमोटवरही २०१९ पासूनचं प्लास्टिक आहे, तेव्हा चर्चेत पडू नका. त्या दुपारी झोपल्या की कात्री घ्या.