क्राउसच्या नावानं शंख

नेपरविल, शिकागोजवळ
जानेवारी २०२४

ती. अप्पांस,


इकडे सगळे खुशाल. थंडी अशी की दार उघडायची सोय नाही, त्यामुळे भांडणं घरातल्या घरातच. सध्याचा विषय जेरी क्राउस. माणूस २०१७ सालीच गेला, पण आमच्याकडे त्याचा खटला अजून चालू आहे.

तुम्ही फोनवर विचारलंत, बास्केटबॉलच्या संघात हा जनरल मॅनेजर करतो तरी काय? खेळाडू हेरायचे, अदलाबदलीचे सौदे करायचे, कोच नेमायचा. नाटक कंपनीच्या मॅनेजरसारखंच. प्रयोग रंगला की टाळ्या नटाला, पडला की शिव्या ह्याला.

क्राउस १९८५ मध्ये शिकागो बुल्समध्ये जनरल मॅनेजर म्हणून आला, तेव्हा मायकल जॉर्डन संघात होताच. चिरंजीवांचं म्हणणं, "आई, त्याला जॉर्डन आयता मिळाला!" कबूल. पण बाकीचे काय आभाळातून पडले? लहानशा कॉलेजातला स्कॉटी पिपेन १९८७ मध्ये सिॲटलशी सौदा करून आणला, तो ह्यानंच. फिल जॅक्सनला कोच केलं ह्यानंच. १९९५ मध्ये विल पर्ड्यू देऊन डेनिस रॉडमन घेतला. रोज नव्या रंगाचे केस आणि रोज नवं भांडण, असा तो गडी! त्या हंगामात ८२ पैकी ७२ सामने जिंकले. १९९१ ते १९९८ मध्ये सहा अजिंक्यपदं. आणि जॉर्डन त्याला हिणवायचा काय, तर कपड्यांवर डोनटचा चुरा सांडतो म्हणून 'क्रम्ब्स'!

ह्यांचा मुद्दा वेगळा. संघ मोडला कोणी? जॅक्सननं ८२ पैकी ८२ जिंकले तरी हे त्याचं शेवटचं वर्ष, असं क्राउसनं हंगामाआधीच सांगून टाकलं होतं. १९९८ चं अजिंक्यपद मिळालं, मंडळी पांगली, आणि पुढच्या तोकड्या हंगामात ५० पैकी १३ विजय. इथे मात्र मी क्राउसची बाजू घेत नाही. श्रेयाची हाव होती त्याला, आणि तोंडावर ताबा नव्हता.

पण अप्पा, १९९८ मध्ये हे साताऱ्यात तुमच्या स्कूटरला किका मारत होते. संघ मोडल्याचं दुःख ह्यांना झालं २०२० मध्ये, बुल्सवरचा माहितीपट पाहून! त्यात जॉर्डन मनसोक्त बोलला. उत्तर द्यायला क्राउस होता कुठे?

परवा शुक्रवारी युनायटेड सेंटरमध्ये जुन्या मंडळींचा सत्कार होता. क्राउसचं नाव पुकारलं आणि प्रेक्षकांनी हुर्यो केली. त्याची बायको तिथेच बसलेली. बिचारीला रडू आवरेना. त्या संघातला जुना खेळाडू रॉन हार्पर शेजारी बसून तिची समजूत घालत होता. मी टीव्हीसमोर एवढी तावातावानं बोलले की चिरंजीव म्हणाले, "आई, मी नाही ओरडलो!" आपल्या संघाला सहा अजिंक्यपदं मिळाली, तेव्हा सगळा कारभार ज्याच्या हाती होता, त्याच्या विधवेला ही वागणूक? त्याचा राग होता तर त्याच्या हयातीत काढायचा होता. तेव्हा अजिंक्यपदाच्या मिरवणुकीत नाचत होते सगळे.

तर तुमचा निकाल कळवा. ह्यांच्या बाजूनं दिलात तरी चालेल, फक्त फोन स्पीकरवर असताना देऊ नका. सासूबाईंना नमस्कार.

आपली,
सूनबाई