घडी न मोडलेले गेम
(सेलमध्ये गेम घेण्याचं आणि क्लाउडवर खेळण्याचं शास्त्रोक्त मार्गदर्शन)

आईच्या कपाटात एक्केचाळीस साड्या आहेत. नेसण्यातल्या चार. बाकीच्या प्लास्टिकच्या पिशव्यांत, डांबरगोळ्यांच्या सहवासात असतात. त्या ‘चांगल्या’ आहेत, म्हणून नेसायच्या नाहीत. ‘स्टीम’ या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या माझ्या खात्यात २१४ गेम आहेत. खेळण्यातला एक. तोही १९९९ सालचा ‘एज ऑफ एम्पायर्स २’. कॉलेजात असताना डोंबिवलीच्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून खेळायचो, तोच, आता नव्या रंगरंगोटीत. उरलेले २१३ चांगले आहेत.

एवढा संग्रह आपोआप होत नाही. त्यामागे बारा वर्षांची साधना आहे. हल्लीची मुलं भावनेच्या भरात गेम घेतात आणि त्याच रात्री खेळायला बसतात, हे पाहवत नाही. म्हणून हे चार शब्द.

१. मुहूर्त

वर्षात दोन मोठे पर्वकाळ. स्टीमचा ‘समर सेल’ जूनच्या अखेरीस लागतो. तिकडे उन्हाळा, इकडे पाऊस. आपल्या गाड्या बंद पडलेल्या असतात आणि घरी बसून पैसे घालवण्याखेरीज गत्यंतर नसतं. म्हणजे नाव चुकलं तरी वेळ अचूक आहे. दुसरा ‘विंटर सेल’, डिसेंबरच्या शेवटी. नोव्हेंबर २०१५ पर्यंत स्टीमवर आपल्याला भाव डॉलरमध्ये दिसायचे आणि मध्यमवर्गीय माणूस मनातल्या मनात गुणाकार करून परत फिरायचा. पुढे भाव रुपयांत दिसू लागले आणि गुणाकार गेला. त्याबरोबर संयमही गेला.

लहान व्रत गुरुवारचं. एपिक गेम्स स्टोअर डिसेंबर २०१८ मध्ये उघडलं, तेव्हापासून तिथे ठरावीक दिवसांनी फुकट गेम मिळतात. सध्याचा वार गुरुवार, वेळ आपल्याकडची रात्र. उपासाची खिचडी खाऊन हात धुतले की गेम खात्यात जमा करावा. मे २०२० मध्ये तिथे ‘जीटीए ५’ फुकट वाटला, तेव्हा गर्दीने साइट कित्येक तास आडवी झाली होती. लॉकडाऊनमध्ये अख्ख्या जगाने एकदम प्रसादाला हात पुढे केल्यावर आणखी काय होणार? एपिकवरचे हे फुकट गेम मी वरच्या २१४ मध्ये धरलेले नाहीत. आहेरात आलेल्या साड्या आईही मोजत नाही.

२. खरेदीची कृती

सेल लागल्या लागल्या घेणं हे नवशिक्याचं लक्षण. गेम आधी ‘विशलिस्ट’मध्ये टाकून मुरू द्यावा. लोणच्याला सहा महिने, गेमला तीन वर्षं. भाव उतरला की ईमेल येतो. तो आला की स्टीमडीबी या साइटवर जाऊन त्या गेमचा आजवरचा नीचांक पाहावा. आजचा भाव त्याहून सव्वीस रुपयांनी जास्त असला, तर मान ताठ ठेवून परत फिरावं. सव्वीस रुपयांसाठी मी एका गेमची दोन वर्षं वाट पाहिली आहे. तेवढ्यात त्याचा दुसरा भाग आला आणि पहिला खेळायची इच्छा मेली. तरी नीचांक लागल्यावर घेतला. तत्त्वाचा प्रश्न होता.

“आधी भाव चढवतात आणि मग निम्मे करतात, आपल्या लक्ष्मी रोडसारखं,” अशी शंका घरातून हमखास निघते. तिला उत्तर तयार ठेवावं. गेमची किंमत वाढवली की पुढचे तीस दिवस सवलत लावता येत नाही, असा स्टीमचा गेम विकणाऱ्यांसाठी नियमच आहे. हे उत्तर दिल्यावर घरातल्यांचं समाधान होत नाही, पण विषय बदलतो.

हिशेब मांडण्याचीही रीत आहे. २,९९९ रुपयांचा गेम ५९९ ला घ्यावा. “किती गेले?” असं बायकोने विचारलं तर “दोन हजार चारशे वाचले” असं सांगावं. असे पाच घेतले की बारा हजार वाचतात. गेल्या डिसेंबरात मी इतके पैसे वाचवले, की क्रेडिट कार्डाचं बिल हप्त्यांत भरावं लागलं.

घेतलेला गेम आवडला नाही तर स्टीम पैसे परत करतं. मात्र खरेदीला चौदा दिवस उलटलेले नसावेत आणि खेळणं दोन तासांच्या आत असावं. सवलत भरपूर उदार आहे. अडचण एवढीच, की आपण गेम उघडतो तिसऱ्या वर्षी. आणि चौदा दिवसांच्या आत उघडलाच, तर दीड तास सावल्यांचा दर्जा ‘हाय’ ठेवावा की ‘मीडियम’ या विवंचनेत जातो. उरलेल्या अर्ध्या तासात नायकाचं गाव जळतं. आपल्याला पसंत-नापसंत ठरवायची वेळ येते, तोवर स्टीमच्या लेखी आपला गेम खेळून झालेला असतो.

३. साठवण आणि निगा

घेतलेला गेम लगेच उतरवू नये. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ला डिस्कवर दीडशे जीबी जागा लागते. मोबाइलच्या रोज दीड जीबीवाल्या पॅकवर तो उतरवायला बसलात, तर शंभर दिवस. गुढीपाडव्याला सुरू केला तर आषाढी एकादशीच्या आसपास हाती लागेल, तोवर समर सेलही उजाडलेला असेल.

तरी वर्षातून एकदा घड्या मोडाव्यात. आई दिवाळीनंतर साड्या बाहेर काढते, उन्हं दाखवते, उलट्या घड्या घालून परत ठेवते, नाहीतर जर घडीवर चिरते. तसाच एखादा गेम उतरवावा, नाव-चिन्ह दिसेपर्यंत थांबावं, संगीत ऐकून “वा!” म्हणावं आणि जागा कमी पडते म्हणून काढून टाकावा. स्टीमवर त्या गेमपुढे ‘० तास’च्या जागी काही मिनिटं लागतात. पाहुण्यांना दाखवायला तेवढं पुरतं.

४. क्लाउड गेमिंग : गुण

आता नवा पंथ. यात गेम आपल्या घरी येतच नाही. दूरच्या कुठल्या तरी इमारतीतलं तगडं यंत्र तो चालवतं आणि आपल्याकडे फक्त चित्रफीत येते. आपण बटण दाबलं की ते तिकडे जातं, तिकडचा नायक उडी मारतो आणि त्या उडीचं चित्र आपल्याला दिसतं. थोडक्यात, यंत्र परक्याचं आणि भाडं आपलं. डोंबिवलीचा सायबर कॅफेच हा. फक्त शेजारच्या खुर्चीत “अरे मागून आला, मागून!” म्हणून ओरडणारं कोणी नाही.

गुण खरोखरच आहेत आणि ते मोकळेपणाने सांगावेत. ग्राफिक्स कार्ड लागत नाही. वरच्या दर्जाच्या कार्डाच्या किमतीत आपल्याकडे चांगली स्कूटर येते आणि स्कूटरवरून निदान दळण आणता येतं. जुना लॅपटॉप, फोन, टीव्ही, काहीही चालतं. लॅपटॉप तापत नाही, पंखा विमानासारखा घुमत नाही. दीडशे जीबी उतरवायचा प्रश्नच उरत नाही. एनव्हिडियाच्या ‘जीफोर्स नाउ’सारख्या सेवेत स्टीमवर आपण आधीच घेतलेल्यांपैकी बरेच गेम चालतात, म्हणजे साडी आपलीच, इस्त्री तेवढी लाँड्रीतली. आणि सदस्यत्वातच गेम देणाऱ्या सेवांत गेम बरा आहे की नाही हे विकत घेण्याआधी कळतं. संग्राहकासाठी मात्र ही शेवटची बाब घातक आहे. कळलं तर घेणार कसा?

५. क्लाउड गेमिंग : दोष

पहिला दोष भूगोलाचा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरला जाऊन यायला दहा मिलिसेकंद. सर्व्हर मुंबईत असला तर चिंता नाही. सिंगापूरला असला तर सरळ रेषेतच चार हजारांच्या घरात किलोमीटर, जाऊन-येऊन चाळीस मिलिसेकंद. वर समुद्राखालची केबल काही सरळ रेषेत जात नाही आणि वाटेतले टोलनाके वेगळेच. सेकंदाला साठ चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र जेमतेम सतरा मिलिसेकंद टिकतं. म्हणजे शत्रू दिसतो तेव्हा तो पूर्वी कुठे होता ते आपल्याला दिसत असतं. बुद्धिबळाला याने फरक पडत नाही, शेती करण्याच्या गेमलाही नाही. मारामारीच्या गेमात मात्र माणूस श्राद्धाच्या वेळी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्यासारखा वागतो.

दुसरा दोष पाण्याच्या बिलासारखा, वापराल तेवढा वाढणारा. दहा एमबीपीएसची चित्रफीत तासाला साडेचार जीबी खाते. वरचाच दीड जीबीवाला पॅक घेतला, तर दिवसाकाठी बरोबर वीस मिनिटं. तेवढ्यात शहाणा माणूस फक्त पासवर्ड आठवतो.

तिसरा दोष घरगुती आहे आणि तो प्रत्यक्ष अनुभवाचा. मी अशा एका सेवेचं महिन्याचं सदस्यत्व घेतलं. पहिल्याच रात्री नऊ वाजता बसलो. हॉलमध्ये आईची मालिका नेटवरून चालू, स्वयंपाकघरात बायकोचा व्हिडिओ कॉल, आणि राउटर फ्रिजवर, वास्तुशास्त्रात बसतो म्हणून. मी उडीचं बटण दाबलं. नायकाने विचार केला. मग तो दरीत पडला. तळाशी पोचल्यावर त्याने उडी मारली.

वायफायवर खेळू नये, केबल लावावी, असं जाणकार सांगतात. बरोबरच सांगतात. दुसऱ्या दिवशी पंधरा मीटर केबल आणून हॉलपासून बेडरूमपर्यंत दारांच्या चौकटींवरून खिळ्यांनी ताणली. चित्र स्वच्छ झालं, नायक वेळेवर उडी मारू लागला, मी दरीपलीकडे गेलो. चौथ्या दिवशी भर लढाईत सगळं गोठलं. बाहेर येऊन पाहतो तो आईने केबलवर पायपुसणी वाळत घातलेली आणि वजनाने पिन निघालेली. “दोरी छान बांधलीस हो, पावसात सोय झाली,” आई म्हणाली. महिना संपल्यावर सदस्यत्व गेलं. दोरी आहे.

६. शंकासमाधान

शंका : सदस्यत्वात शेकडो गेम मिळतात, मग विकत कशाला घ्यायचे?
समाधान : त्यातले काही गेम ठरावीक काळाने यादीतून जातात. तुम्ही निम्म्यावर आलात की जातात, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

शंका : आपल्या मातीतला गेम घ्यावा का?
समाधान : अवश्य. ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा २०२० चा गेम पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला. पुण्यात तयार झाला याचा मला इतका अभिमान वाटला, की त्यावर सवलत लागेपर्यंत मी दर आठवड्याला अभिमानाने भाव पाहत होतो.

शंका : क्लाउड चांगलं की सेल?
समाधान : ज्याला खेळायचं आहे त्याने क्लाउड पाहावं. बाकीच्यांनी सेल.

७. वारसा

दुकान गेलं किंवा आपण गेलो तर गेमचं काय, हा विभाग बहुतेक मार्गदर्शनांत गाळतात. गूगलने ‘स्टेडिया’ ही क्लाउड सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये उघडली आणि १८ जानेवारी २०२३ ला बंद केली. भारतात ती आलीच नव्हती. दुकान बंद करताना त्यांनी गेमचे आणि कंट्रोलरचे पैसे लोकांना परत केले. मयताने उधारी चुकती करून जावं, तसा तो आदर्श मृत्यू होता. सगळेच असे जात नाहीत. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा २०१४ चा गाड्यांच्या शर्यतींचा गेम लोकांनी रोख पैसे मोजून घेतला होता. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि गेम गेला. एकट्याने खेळणाऱ्याचाही गेला, कारण तोही सर्व्हरवाचून चालत नव्हता. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात कायदा झाला, की ग्राहकाला फक्त परवाना देत असाल तर ‘खरेदी’ म्हणताना तसं स्पष्ट सांगा. आता स्टीमवर पैसे भरताना एक बारीक ओळ दिसते. तुम्ही गेम नव्हे, परवाना घेत आहात. जीओजी नावाचं दुकान गेमची फाइलच हातात देतं, ती आपल्या डिस्कवर राहते. माझे तिथे तीन गेम आहेत. तिथे सेल कधी लागतो याकडे माझं लक्ष नसतं.

यंदा दिवाळीनंतर आईने साड्या काढल्या. पलंगभर पसरून एकेक हातात घेऊन सांगत होती. ही सुनेची, ही नातीला, मनूच्या लग्नात, ही धाकटीला, ही कामाला येतात त्या मावशींच्या मुलीला. एक्केचाळीसही वाटून झाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुझं ते कंप्युटरमधलं कपाट रे? ते मनूला ना?”

मी समजावून सांगितलं, की स्टीमच्या नियमांनुसार खातं कुणाला देता येत नाही, विकता येत नाही, मुलीच्या नावावर करता येत नाही. मी असेपर्यंत ते माझं. म्हणजे, वापरायला माझं.

आईने हातातली जांभळी इरकल उलट घडीवर नीट बसवली. “म्हणजे लग्नातली भाड्याची भांडी,” ती म्हणाली. “मग मांडून काय बसलायस? पंगत उठायच्या आत वाढून घे.”

त्याच रात्री ‘रेड डेड’ उतरवायला लावला. उतरेस्तोवर नुसतं काय बसायचं, म्हणून ‘एज ऑफ एम्पायर्स’चा एक डाव टाकला. डाउनलोड पूर्ण झाल्याची सूचना आली तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते आणि माझ्या किल्ल्याच्या दारावर शत्रूचे हत्ती आले होते. उठता येणं शक्यच नव्हतं.