दोन्ही ग्रुपचा बापू

बारावीला गणित आणि जीवशास्त्र असे दोन्ही विषय घेणारी मुलं दोन प्रकारची. पहिल्या प्रकारात आईवडिलांचं ठरलेलं नसतं. निकाल लागला की गाडी आपोआप एका रुळाला लागते. दुसऱ्या प्रकाराला दोन्ही विषय मनापासून आवडतात. हा प्रकार विरळा, आणि घरच्यांच्या जिवाला घोर. आमचा चुलतभाऊ बापू या दुसऱ्यातला.

मेडिकलला नंबर लागला तेव्हा काकूंनी वाडाभर पेढे वाटले. बापूने हॉस्टेलवर जाताना स्टेथोस्कोपच्या आधी सोल्डरिंग गन बॅगेत टाकली. पुढे एमबीबीएस झालं, बरोबरीची मुलं पीजीच्या परीक्षेसाठी अभ्यासिकेत मुक्काम ठोकून बसली, आणि हा उठून खरगपूरच्या आयआयटीत गेला. तिथे एमबीबीएस झालेल्यांना इंजिनिअरिंग शिकवणारा ३ वर्षांचा अभ्यासक्रम आहे, हे आमच्या घराण्यात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कळल्यावर कुणाला पटलं नाही.

"बापू आयआयटीत असतो," काकू सांगायच्या.

"म्हणजे डॉक्टरकी सुटली?"

"सुटली कशाने? डॉक्टरच आहे."

"मग आयआयटीत आजारी कोण आहे?"

लग्नाच्या बाजारात तर फारच पंचाईत. वधूवर मंडळाच्या फॉर्मवर व्यवसायाला एकच ओळ. बापूने प्रामाणिकपणे 'बायोमेडिकल' लिहिलं. मुलीच्या वडिलांनी फोनवर पहिलाच प्रश्न टाकला, "मेडिकल स्वतःच्या जागेत आहे की भाड्याच्या?"

त्याला आजार विचारायची सोय नाही. माई आत्यांचा गुडघा दुखत होता. दुसरा डॉक्टर गोळी लिहून मोकळा झाला असता. बापूने वहीचं पान फाडून मांडीचं हाड, वाटी, नडगी असं काढलं, बाण मारले आणि सांगितलं की जिना उतरताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो. आत्या एवढंच म्हणाल्या, "चार माणसांत माझं वजन काढायची गरज नव्हती." तेव्हापासून त्या कोपऱ्यावरच्या होमिओपॅथकडे जातात.

त्याच्या गोष्टीही पंगतीला चालणाऱ्या नव्हेत. एका साखरपुड्यात श्रीखंडाचं वाढप सुरू असताना त्याने विलेम कोल्फची कथा लावली. नेदरलँड्सवर जर्मनांचा कब्जा, साल १९४३, औषधाची मारामार. अशात या डॉक्टराने सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपाभोवती गुंडाळून डायलिसिसचं यंत्र उभं केलं. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५मध्ये एक बाई वाचली. "सॉसेज म्हणजे काय हो?" व्याह्यांनी विचारलं. बापूने सविस्तर सांगितलं. व्याह्यांनी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली.

हॉस्पिटलात त्याची अवस्था वेगळीच. राउंडला सर म्हणणार, "आमचे इंजिनिअर कुठायत? हा मॉनिटर बंद पडलाय." प्रयोगशाळेत गेला की तिथली मंडळी म्हणणार, "डॉक्टर, बरे आलात, कालपासून पोट बिघडलंय." दोन्हीकडे मान आहे, तो फक्त समोरच्या घरचा पाहुणा म्हणून. यात बापूचाही थोडा दोष आहे. खाटेपाशी गेला की आधी त्याची नजर यंत्राकडे जाते. एकदा ईसीजीची लहर वेडीवाकडी येत होती. वायर खेच, चकती बदल, असं बराच वेळ चाललं. शेवटी खाटेवरचे आजोबा म्हणाले, "डाक्तर, थंडी वाजतीया म्हून थरथरतुया मी. येक घोंगडी द्या, मंग तुमची मशीन बी गप बसंल." घोंगडी दिली. लहर सरळ आली.

पण त्याचं खरं वेड सलाईन. आपल्याकडे रुग्णाचा नातेवाईक रात्रभर जागतो तो बाटलीकडे बघत, कारण ती रिकामी झाली आणि कुणाचं लक्ष नसलं की नळीत रक्त उलटं चढतं. परदेशी पंप आहेत, पण जनरल वॉर्डात खाटेगणिक ते कोण लावणार? बापूने स्वस्तातलं यंत्र करायला घेतलं. ज्या चेंबरमध्ये थेंब पडतो त्याच्या एका अंगाला इन्फ्रारेड दिवा, दुसऱ्या अंगाला सेन्सर. थेंब आडवा आला की एक मोजायचा. २० थेंबांना एक मिलिलिटर. बाटली संपत आली की शिट्टी. घरी न्हाणीघरात झकास चाललं. एथिक्स कमिटीचा होकार यायचा होता, म्हणून वॉर्डात रुग्णाऐवजी बादली. स्टँड नेमका पूर्वेच्या खिडकीशी. ऊन आलं आणि यंत्राची शुद्ध हरपली, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतंच. हे मॉडेल बाद.

दुसऱ्या मॉडेलात दिवा सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकायचा आणि सेन्सर तेवढ्याच लुकलुकीला ओळख द्यायचा. उन्हाचा बंदोबस्त झाला. यंत्र स्पेशल रूममध्ये नेलं. तिथे टीव्ही होता, क्रिकेटचा सामना होता, आणि टीव्हीचा रिमोटही बहुधा याच ३८ हजारांच्या भाषेत बोलतो. नातेवाइकाने आवाज वाढवला की बापूच्या यंत्रावर सलाईन धो धो वाहू लागे. विकेट पडली तेव्हा तर अख्खी बाटली संपल्याची शिट्टी झाली.

आम्ही हसलो. तो हसला नाही. "वलियाथनांच्या हृदयाच्या झडपेची पहिली तीन मॉडेलं बाद झाली होती," तो म्हणाला. "चौथं चाललं, १९९०मध्ये तिरुवनंतपुरमला माणसाच्या छातीत बसलं. माझी दोनच झालीत." वलियाथन स्वतः हृदयशल्यविशारद, त्यामुळे बापूच्या देव्हाऱ्यात त्यांचं स्थान गणपतीच्या किंचितच खाली. आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा त्याचं पटलं. वातानुकूलित खोलीसाठी बनलेली यंत्रं आपल्या वॉर्डातल्या धुळीत आणि व्होल्टेजच्या चढउतारात मान टाकतात. ती कशी वापरली जातात हे रात्रपाळी केलेल्यालाच ठाऊक.

रात्रपाळी त्याच्याहून जास्त केलेल्या सिस्टरांनी मात्र एकदा त्याला बाटली दाखवली. तिच्यावर उभी चिकटपट्टी, पट्टीवर पेनाने आखलेल्या तासातासाच्या खुणा. "सर, आम्ही असं करतो." बापूने पट्टी निरखली, फोटो काढला आणि विचारलं, "रात्री दिवा घालवल्यावर दिसतं?" सिस्टर म्हणाल्या, "नाही दिसत." तिसरं मॉडेल त्याच रात्री सुरू झालं.

यंदा काकूंची एक इच्छा पुरी झाली. बापूने पीजीची परीक्षा दिली, नंबर लागला. भूलशास्त्र. हौसेने घेतलं, कारण रुग्ण झोपल्यावर तासन् तास यंत्रांशेजारी हक्काने बसता येईल अशी दुसरी शाखा नाही. काकूंनी पुन्हा पेढे आणले.

"आता तरी दारावर पाटी लावून दवाखाना टाकशील ना रे?"

"आई, भूल देणाऱ्याचा कुठे दवाखाना असतो?"

काकूंनी पेढ्यांचा पुडा परत बांधायला घेतला.