बाकं उचलणाऱ्या सेक्रेटरीसाहेबांस

माननीय सेक्रेटरीसाहेब,



गुलमोहराखालची तिन्ही बाकं उचलून तिथे दोन गाड्यांची सोय केलीत, त्याबद्दल सर्वप्रथम आभार. उन्हात उभं राहून गाड्यांचे गुडघे दुखत असणार, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

बी विंगमधल्या काकूंच्या वतीनेही धन्यवाद. त्यांना फाटकापर्यंत एका दमात जाववत नाही. मधल्या बाकावर टेकायचं, दम खायचा, मग पुढचा टप्पा, असा त्यांचा फेरा असे. आपण टेकायची जागाच काढलीत आणि फेराही थांबला. केवढे श्रम वाचवलेत! आता त्या दिवसभर खिडकीत बसतात.

सरकारने 2022 पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत केला. काकू पंढरपूरपर्यंत फुकट जाऊ शकतात. चाळीस पावलांवर जाऊ शकत नाहीत, एवढंच.

खालच्या स्वच्छतागृहाला कुलूप घातलंत, यासाठी तर आम्ही बायका विशेष ऋणी आहोत. ह्या वयात बाहेर किती वेळ बसायचं, हे पाय ठरवत नाहीत, ते दार ठरवतं. लाज वाटते म्हणून हे कुणी सभेत बोलत नाही. मी इथे लिहिते आहे. आम्ही दुपारपासून पाणी पिणं कमी करतो, तरीही धास्ती असते. मंगळवारच्या भजनाला चौदा जणी असायच्या. गेल्या मंगळवारी तिघी होतो, आणि पेटी वाजवणारी त्यांत नव्हती.

कॅरमचा बोर्ड मीटररूममध्ये सुखरूप आहे. राणी घेऊन कव्हर हुकलं की होणारा आरडाओरडा थांबला. आपल्याला हवी होती ती शांतता मिळाली, अभिनंदन.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, पासष्टीनंतरही आठवड्याला किमान 150 मिनिटं चालणं-फिरणं हवं, शिवाय तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम. त्यातल्या दुसऱ्यासाठी आपण जिन्यापुढची उखडलेली फरशी वर्षभर तशीच राखलीत. आपली दूरदृष्टी!

सभेत आपण म्हणालात, ‘ज्येष्ठांनाच उत्साह नाही.’ साहेब, 1995 साली डॉ. मदन कटारियांनी मुंबईच्या एका बागेत जेमतेम पाच जणांनिशी हास्यक्लब सुरू केला. तो जगभर पसरला. त्या पाचांना निदान बागेचं फाटक उघडं मिळालं होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची बायको गेली, तेव्हा ते दार उघडत नव्हते. आमच्यातले दोघं रोज साडेपाचला खालून हाक मारायचे, ‘चला हो, भिडू कमी पडतोय.’ पाचव्या दिवशी ते उतरले. खेळले नाहीत. नुसते बाकावर बसून राहिले, अंधार पडेपर्यंत. सहाव्या दिवशी स्वतःहून आले. साहेब, माणूस असा उतरतो. कुणीतरी हाक मारावी लागते आणि खाली बसायला जागा असावी लागते. हाका आम्ही अजूनही मारू. पण त्यांना बोलवायचं कुठे?

हात जोडून मागते: निदान मधलं एक बाक परत ठेवा. ती तिन्ही गच्चीवर पावसात भिजताहेत, मी पाहून आले. फरशी बसवा. स्वच्छतागृह चार ते आठ उघडं ठेवा.

कळावे. लोभ असावा, आणि किल्ली वॉचमनकडे असावी.

आपली नम्र,
ए विंगमधली एक आजी