स्थावर म्हातारी, जंगम सरकार

मनुष्य जागच्या जागी राहतो आणि राज्ये त्याच्या अंगावरून ये-जा करतात, हे समजून घेण्यासाठी इतिहासाचे ग्रंथ चाळण्याचे कारण नाही. किल्लारीतील सत्तरीच्या एखाद्या वृद्धेस 'रहिवास सिद्ध करा' असे फर्मावले म्हणजे पुरे. १९५५ च्या सुमारास ती जन्मली तेव्हा हैदराबाद राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होती. रांगू लागली तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी तिची रवानगी मुंबई राज्यात झाली. १ मे १९६० रोजी ती महाराष्ट्रीय झाली. ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर जिल्हा निर्माण होताच तिचा जिल्हाही पालटला. आणि तिच्या जुन्या कागदांवर ज्या उस्मानाबादचे नाव आहे, ते आता स्वतःच धाराशिव झाले आहे. या सर्व कालावधीत म्हातारीने आपणहून गाव सोडले नव्हते. तिने गाव सोडले ते एकदाच, आणि तेही सरकारच्या सांगण्यावरून: ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गाव झोपले असता, धरणी हलली, दगडमातीची घरे माणसांवर कोसळली, हजारो जीव गेले, आणि ज्या बावन्न गावांना नव्या जागी वसविण्याचे ठरले त्यांत किल्लारीही होती. अशा या स्थावर म्हातारीस आज जंगम सरकार विचारते, की बाई, गेली पंधरा वर्षे आपण महाराष्ट्रातच राहता ना? असल्यास दाखला जोडावा.

हा प्रश्न ज्या योजनेपायी उद्भवतो तिचे नाव श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. पासष्टी गाठलेल्या निराधार वृद्धांस तीतून दरमहा १,५०० रुपये मिळतात. पुराणातील श्रावणाने अंध मातापित्यांस कावडीत बसवून तीर्थयात्रा घडविली. शासकीय श्रावणही यात्रा घडवितो, परंतु कावड मातापित्यांच्याच खांद्यावर देऊन, आणि तीर्थे म्हणजे सेतू केंद्र, तलाठी, बँक, तहसील कचेरी, व पुन्हा सेतू केंद्र.

प्रथम वयाचा पुरावा. मराठवाड्याच्या खेड्यांत एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. ज्या मुली शाळेतच गेल्या नाहीत त्यांना ही सामुदायिक तारीखदेखील लाभली नाही. त्यांचे पंचांग निराळे. रझाकारांचे साल, दुष्काळाचे साल, भूकंपाचे साल, अशा तीन खुंट्यांवर त्यांचे सारे आयुष्य टांगलेले असते. "दुष्काळाच्या साली मी खडी फोडायला व्हते, तव्हा थोरला कडेवर व्हता," असे म्हातारी सांगते. कोणत्याही सुज्ञ मनुष्यास यावरून तिच्या वयाचा बिनचूक अदमास यावा; परंतु संगणकाच्या चौकटीत दुष्काळ भरता येत नाही. ज्या घरात कागद असण्याचा संभव होता ते घर भुईसपाट झाले. अखेर तिची पाठवणी सरकारी रुग्णालयाकडे होते. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैलाचे वय दात पाहून ठरते आणि तेथल्या तेथे सौदा पटतो. सरकारी रुग्णालयात म्हातारीचे वय ठरल्यावरही सौदा पटत नाही, कारण डॉक्टरसाहेबांनी लिहिलेले वय आधार पत्रिकेवरील वयाशी जुळत नाही.

येथे एक गोष्ट जाता जाता नमूद केली पाहिजे. जुने दफ्तर सापडतच नाही, असे म्हणणे सरकारवर अन्याय करणारे ठरेल. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्याचा प्रश्न निकडीचा झाला, तेव्हा न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी निजामकालीन दप्तरे धुंडाळली गेली, मोडी आणि उर्दू वाचणारे जाणकार बसविले गेले, थेट हैदराबादेपर्यंत तपास पोचला. तात्पर्य, दफ्तराची धूळ झटकण्याची कला आपल्या महसूल खात्यास अवगत आहे. लाखोंचा मोर्चा निघाला म्हणजे ती प्रकट होते. म्हातारी मोर्चास एकटीच असते.

आता अंगठा. दुष्काळी कामावर तिने खडी फोडली, सुकडी खाल्ली, पाझर तलावांवर माती वाहिली, पुढे रोजगार हमीवर आणि उसाच्या फडात वर्षे घातली. एवढ्या कष्टांत हाताच्या रेषा झिजल्या. बँकेच्या खिडकीपाशी ती अंगठा टेकते, यंत्र क्षणभर विचार करते आणि तिला ओळखण्याचे नाकारते. "मावशे, ठसा उमटंना की. हात पुसून ठिवा बरं," असे तेथील पोरगा बिचारा गोडीनेच सांगतो, जणू पन्नास वर्षांची खडी पदराला पुसून जाणार आहे! बुबुळ पाहणारे यंत्रही असते, परंतु डोळ्यात मोतीबिंदू असतो. जिने आयुष्यभर काम केले नाही अशी एखादी नाजूक हातांची स्त्री असती, तर कष्टकऱ्याची ओळख पटविण्याच्या या परीक्षेत ती पहिल्या झटक्यात उत्तीर्ण झाली असती.

परंतु शासनाच्या प्रतिभेचा खरा विलास पाहावयाचा तर उत्पन्नाच्या अटीपाशी थांबले पाहिजे. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. म्हणजे संपूर्ण कुटुंबाने दिवसाला सत्तावन्न रुपयांवर गुजराण केली पाहिजे, आणि तशी ती केल्यावरही तहसीलदारांचा दाखला आणण्याइतके प्राण शिल्लक ठेवले पाहिजेत. याच राज्याने १९७७ साली, वि. स. पागे यांच्या पुण्याईने, कामाचा हक्क कायद्यात लिहिला. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबास वर्षाला शंभर दिवसांच्या मजुरीची हमी मिळाली. आणि २०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात तिचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला. वाचकांनी कृपा करून गुणाकार करावा. म्हातारीच्या सुनेने हे हमीचे शंभर दिवस भरले, तर ३१,२०० रुपये होतात. सदुसष्ट दिवसांपर्यंत सासू निराधार. अडुसष्टाव्या दिवशी सूर्यास्तास, सून टोपले खाली ठेवीत असतानाच, कुटुंब सधन होऊन सासू अपात्र! एका कायद्याने दिलेली हमी दुसऱ्या योजनेत गुन्हा ठरते, आणि दोन्हींच्या कागदांवर सत्यमेव जयते छापलेले असते.

याहूनही मौज अशी, की २०२४ मध्ये आलेल्या लाडकी बहीण योजनेत एकवीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांस तेवढेच १,५०० रुपये मिळतात, मात्र तेथे कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे. म्हणजे चौसष्टाव्या वर्षी, दोन लाख उत्पन्नाच्या घरातही, जी स्त्री सरकारची लाडकी व गरजू भगिनी असते, तीच पासष्टी ओलांडून श्रावणबाळाच्या दारी आली की श्रीमंत ठरते. ही बहीण पासष्टीनंतर आई झाली, तेव्हा लाडही संपले आणि गरजही संपली, असेच समजावयाचे काय? वाढदिवसाच्या दिवशी मनुष्य एवढा धनाढ्य होत असल्याचे दुसरे उदाहरण अर्थशास्त्रात आढळत नाही.

सर्वच सेवानिवृत्तांविषयी सरकार इतके काटेकोर असते असे नव्हे. माजी आमदारांस दरमहा ५०,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते. तेथे उत्पन्नाची कमाल मर्यादा नाही, आणि पाच वर्षांचे आसन झिजविणे हे पन्नास वर्षांची बोटे झिजविण्यापेक्षा अधिक लक्षात राहते. खिडकीआडच्या कारकुनावर मात्र मी रागावू इच्छित नाही. तो १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमला गेला असेल, तर जुने निवृत्तिवेतन त्याच्याही नशिबी नाही. त्यासाठीच १४ मार्च २०२३ पासून राज्यभरचे कर्मचारी संपावर गेले होते. खिडकीच्या एका बाजूस म्हातारी आणि दुसऱ्या बाजूस तिचा भावी सहप्रवासी बसलेला असतो. त्याचा अंगठा अद्याप उमटतो, एवढाच काय तो फरक.

एवढे होऊन अर्ज मंजूर झाला तरी दरसाल हयातीचा पुरावा उरतोच. १९९३ च्या त्या पहाटेनंतर जी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली, तिला बाहेर काढणाऱ्या हातांनी हयातीचा दाखला मागितला नव्हता. आज ती कचेरीच्या पायरीवर बसून खोकते आहे, आणि आत तिच्या जिवंतपणाविषयी खातरजमा चालू आहे.

तेव्हा सरकारदरबारी नम्र अर्ज एवढाच, की बहिणीस लावलेली उत्पन्नाची मर्यादा आईलाही लावावी. जेथे ठसा उमटत नाही तेथे वय आणि ओळख यांस ग्रामसभेची साक्ष ग्राह्य धरावी. आणि हयातीची पडताळणी म्हातारीस न बोलाविता तिच्या दारी जाऊन करावी. पुनर्वसित किल्लारीचे रस्ते खुद्द सरकारनेच आखून दिलेले असल्यामुळे, पत्ता सापडण्यास अडचण पडू नये.