श्वास घेऊ द्या!

तुमच्याही सोसायटीत एक भाऊसाहेब असतीलच. कालपरवापर्यंत व्हिस्कीत सोडा ओतणारे आणि नाशिकला सुला वाइनरीच्या मळ्यात एक दुपार काढून आल्यापासून द्राक्षांच्या जातींवर बोलणारे. आमचे भाऊसाहेब सिल्वासातल्या एका यार्नच्या कारखान्यात पर्चेस बघतात. अधूनमधून शनिवारी त्यांच्याकडे ‘टेस्टिंग’ असतं. बोलावणं सातचं. बाटलीही सातलाच उघडते. पण ग्लासाकडे कुणाचा हात गेला रे गेला, की भाऊसाहेबांचा तळवा आडवा येतो, ‘‘थांबा! तिला श्वास घेऊ द्या.’’

रेड वाइनला १६ ते १८ अंश तापमान मानवतं, म्हणून हॉलचा एसी १८ वर. वहिनी शाल पांघरून चीज कापतात, पाहुणे त्यावर चाट मसाला मागतात. भाऊसाहेब सांगत असतात, ‘‘१९५४ साली पोर्तुगीज इथून गेले ते पिण्याची रीत सोबत घेऊनच. मागे उरली ती नुसती ढोसाढोशी.’’ ती रीत परत आणायची जबाबदारी कुणी त्यांच्यावर टाकली, हे विचारायची सोय नाही.

एकदा एकाने धीर करून सांगितलं, की शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन, फिरकीच्या झाकणाची. ती थंडगार असतानाच प्यावी. शिवाय बाटलीच्या एवढ्याशा गळ्यातून आत हवा ती कितीशी जाणार? भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, ‘‘का? पांढरीला फुप्फुसं नसतात?’’

खरे हाल वापीकरांचे. वापी अर्ध्या तासावर, पण गुजरातेत. तिथे राज्य झालं त्या १९६० सालापासून दारूबंदी. परतताना नाक्यावर पोलिसाने तोंडाचा वास घेतला तर पंचाईत. म्हणून ते ग्लास गोल फिरवतात, नाक खुपसतात, घोट तोंडात घोळवतात आणि शेजारच्या भांड्यात थुंकतात. वहिनी त्या भांड्याला सरळ पिकदाणी म्हणतात. वाइन चाखायची जगन्मान्य पद्धत आमच्यात पाळतात ते फक्त हे दारूबंदीवाले. एवढं करूनही नाक्यावर ते श्वास रोखूनच बसतात. इथे श्वास काय तो वाइनने घ्यायचा!

भाऊसाहेबांचा ड्रायव्हर खानवेलकडचा वारली. तो एकदा म्हणाला, ‘‘साहेब, आमची ताडी सकाळी उतरवली की सकाळीच प्यायची. ठेवली की आंबली.’’ भाऊसाहेबांनी वहीत लिहून घेतलं : ताडी – श्वास नको.

आता नाइलाजाने एक कबूल करायला हवं. सिल्वासात कायमचं राहायला फारसं कुणी आलेलं नाही. करसवलतीच्या काळात कारखाने आले, त्यांच्यामागून माणसं आली. शनिवार आला की निम्मी मुंबई-नाशिककडे पळतात. उरलेली बदली झाली की जातात. एका जिन्यावर राहून एकमेकांची नावं ठाऊक नसतात. समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ तबला वाजवतात, हे मला भाऊसाहेबांकडच्या खोळंब्यातच कळलं. वाइन ओतली की संपते आणि संपली की माणसं उठतात, हे भाऊसाहेबांना पक्कं ठाऊक आहे. वाइनमधलं त्यांना बेताचंच कळतं. पण रिकाम्या ग्लासावर माणसं दोन तास बसवून ठेवायची विद्या आमच्या गावात दुसऱ्या कुणाकडे नाही.

तेव्हा आमंत्रण आलं तर जरूर जा. फक्त घरून दोन पोळ्या खाऊन जा. नऊच्या आत काही मिळत नाही.